परत ठेवलेली बटणं

शिलाई मशीनच्या खणातून त्या सकाळी बटणं निघाली ती अशी : पांढरी शहाऐंशी, लाल एकोणीस, निळी सात आणि पितळेचं एक. एकूण एकशे तेरा. पांढरी आणि लाल एकाच मापाची होती, चार भोकांची, शाळेच्या गणवेशाला लागतात तसली. डोळे मिटून हात घातला तर कुठलं बटण कुठल्या रंगाचं हे बोटांना कळत नव्हतं. मला नेमकी तशीच हवी होती.

"मोजून काय करून रायली?" वहिनीनं विचारलं. अंगणातल्या उन्हात चटईवर बसून ती एका शर्टाला काजं करत होती. "बटणं काई पळून नाई जात."

"एकूण किती ते माहीत नसलं तर छेद कुठून आणशील?"

"छेद म्हंजे?"

"खालचा आकडा."

"मंग खालचा आकडा म्हण ना, बाई. आधीच तं डोकं चालत नाई."

वहिनीचं नाव प्रतिमा. डोकं तिला चांगलं होतं. दहावीला गणित तेवढं राहिलं, त्याच उन्हाळ्यात माझ्या भावाशी लग्न झालं आणि पुस्तकं माळ्यावर गेली. आता गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघणार होती आणि तिला दहावी पास लागत होती. मार्चमध्ये ती परत बसणार होती. मी बी.एस्सी. होऊन घरी आले होते. एम.एस्सी.ला नंबर लागला नव्हता, नोकरी नव्हती, म्हणून शिकवणी माझ्याकडे. समीकरणं झाली, आलेख झाले. शेवटचा धडा संभाव्यतेचा राहिला होता.

पुस्तकातलं पहिलं उदाहरण वाचून ती हसली होती. 'एका पिशवीत तीन लाल आणि पाच पांढऱ्या गोट्या आहेत.'

"हे पिशवीत गोट्या कोण ठेवते? त्याले घरी काई कामधंदा नाई का?"

"ते उदाहरण आहे, वहिनी."

"अन् काढते तं पाहून काहून नाई काढत?"

म्हणून मी बटणं काढली होती. हाताला काही लागल्याशिवाय तिला पटत नसे.

घराचा पुढचा भाग म्हणजे दादाचं दुकान. तो शाळेचे गणवेश शिवायचा आणि मशीनचा आवाज दिवसभर घरात असायचा. आतल्या खोलीत यशू झोपली होती. यशू म्हणजे यशोधरा, त्यांची मुलगी, पाच वर्षांची. तिला सिकल होता, आईबापांच्या रक्तातून येणारा आजार. त्या आठवड्यात थंडी वाढली आणि तिच्या पायांच्या नळ्या दुखायला लागल्या. यशूचं दुखणं सुरू झालं की ती आधी ओरडायची, मग रडायची आणि शेवटी नुसती डोळे उघडे ठेवून पडायची. त्या शेवटच्या पडून राहण्याला आम्ही सगळे जास्त भ्यायचो. आदल्या दिवशी कुठे तिचं दुखणं उताराला लागलं होतं.

आणि वहिनीला तिसरा महिना लागला होता.

आतल्या खोलीच्या भिंतीवर एक कॅलेंडर टांगलं होतं. आमच्या गावच्या आशा सेविका कुंदाताई, त्यांनी दिलेलं. त्यावर बारा महिने खाली बारीक अक्षरात आणि वर मोठं चित्र. एक बाप, एक आई, दोघंही अर्धे लाल, अर्धे पांढरे रंगवलेले. त्यांच्याखाली ओळीनं चार लेकरं. डावीकडून पहिलं सबंध पांढरं, पुढची दोन अर्धी लाल आणि उजव्या टोकाचं सबंध लाल. कॅलेंडरच्याच खिळ्याला एका प्लास्टिकच्या पिशवीत तिघांच्या रक्ताचे कागद होते. ए म्हणजे चांगलं रक्त, एस म्हणजे सिकल, चित्रातला लाल, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दादाच्या कागदावर ए एकोणसाठ टक्के, वहिनीच्या साठ. म्हणून ते दोघं चित्रातल्यासारखे अर्धे. यशूच्या कागदावर ए शून्य पूर्णांक शून्य.

ते चित्र आईनं आपल्या पद्धतीनं वाचलं होतं. पहिलं लेकरू, दुसरं लेकरू, तिसरं, चौथं. शेतात ओळ लावावी तशी ओळ.

"शेवटचं होतं ते आधी येऊन गेलं," ती म्हणायची. "आता उरले तीन. दोन अर्धे अन् एक पांढरं. अर्ध्यानं काई होत नाई. तुह्या दादाले काय झालं? अर्धाच आहे, हत्तीसारखा हिंडते."

गावात असं वाचणारी ती एकटी नव्हती. पलीकडच्या आळीतल्या गेडामांच्या सुनेनं तिसऱ्या लेकरावर ऑपरेशन करून घेतलं होतं, कारण चित्रात चौथं लाल होतं. आई तिचं कौतुक करायची. "हुशार पोरगी. वेळेवर थांबली."

कुंदाताईंनी नागपूरच्या तपासणीचं सांगितलं होतं. पोटात सुई घालून वारेचा कण काढतात आणि बाळाला सिकल आहे का ते कळतं. तिसऱ्या महिन्यातच ते करावं लागतं. आईनं तेव्हा हात जोडले होते. "नको माय. लाल तं निघून गेलं आमचं. आता भरल्या पोटात सुई कायले खुपसता?" मग तो विषय तिथंच राहिला होता.

मी बटणं बाजूला सारली आणि पुढचं उदाहरण वाचलं. "दोन नाणी उडवली. दोन्हींवर छापा येण्याची संभाव्यता किती?"

"तीनात एक," वहिनी लगेच म्हणाली.

"कशी?"

"दोन्ही छापा. दोन्ही काटा. नाई तं एक-एक. झाले ना तीन?"

मी एक रुपयाचं नाणं घेतलं आणि एक दोन रुपयांचं. "नीट बघ. रुपया छापा, दोनाचं काटा. ही एक गोष्ट. आता रुपया काटा, दोनाचं छापा. ही तीच आहे का?"

तिनं सुई शर्टात टोचून ठेवली. नाणी स्वतः हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "नाई. येगळी आहे."

"मग किती झाल्या?"

"चार." तिनं वहीत लिहिलं. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. चारही ओळीनं. मग ती त्या ओळीकडे बघत राहिली. बराच वेळ. नंतर तिनं मान वळवून उघड्या दारातून आतल्या भिंतीकडे पाहिलं.

"मित्रा."

माझं नाव संघमित्रा. घरात मित्राच.

"त्या चित्रात अर्धे लाल दोन काहून आहेत? ते हेच का?"

"हेच. बापाकडून लाल आणि आईकडून पांढरं, नाही तर उलट."

"म्हंजे रुपया छापा, दोनाचं काटा."

"हो."

"मंग..." ती थांबली. "मंग ते चार लेकरं नाईत?"

"नाहीत. ते एकच लेकरू आहे. ते चारपैकी कसंही होऊ शकतं, एवढंच चित्र सांगतं."

"कोणतं लेकरू?"

"कोणतंही. दर वेळचं."

दुकानातून मशीनचा आवाज येत होता. वहिनीनं शर्टाची घडी केली, पुन्हा उलगडली.

"यशूच्या वेळेस चारात एक होतं."

"हो."

"आता?"

"आताही चारात एक."

"लाल निघून गेलं तरी?"

"ते निघून जात नाही, वहिनी. परत पिशवीत पडतं."

"तोंडानं नको सांगू," ती म्हणाली. "दाखव."

ती उठून दुकानात गेली आणि कात्रणातलं निळं कापड घेऊन आली. सुईदोऱ्यानं बघता बघता दोन लहान पिशव्या शिवल्या, मूठ जाईल एवढ्या. एकीत एक लाल बटण टाकलं, एक पांढरं. दुसरीत तसंच.

"हे तुह्या दादाची. हे माही."

यशू जागी होऊन दारात आली. अंगावर वहिनीची शाल, पायात लोकरी मोजे. पाय अजून जपून टाकत होती.

"काय करून रायले?"

"बाळ काढून रायलो," वहिनी म्हणाली. ती गमतीनं म्हणाली होती की नाही, मला कळलं नाही.

"मी काढते! मी!"

आम्ही तिला मध्ये बसवलं. एक हात या पिशवीत, एक हात त्या पिशवीत. डोळे मिटायचे, एकेक बटण काढायचं, दाखवायचं आणि ज्याचं त्याच्या पिशवीत परत ठेवायचं. परत ठेवायचं हे मी तिला दोनदा बजावलं.

तिनं पहिल्यांदा काढलं ते एक पांढरं, एक लाल. "हे कसं बाळ?"

"अर्धं. तुझ्या बाबासारखं."

परत ठेवलं, पिशव्या हलवल्या. दुसऱ्या खेपेला दोन्ही हातांत लाल.

"माह्यासारखं!" यशू ओरडली. "आई, पाय ना, माह्यासारखं आलं!"

"परत ठेव," वहिनी म्हणाली.

यशूनं ठेवलं. पिशव्या हलवल्या. डोळे इतके घट्ट मिटले की नाकाला सुरकुत्या पडल्या. मुठी बाहेर आल्या, उघडल्या. लाल आणि लाल.

"अजून माह्यासारखं!" तिनं टाळ्या वाजवल्या आणि बटणं उडून चटईबाहेर गेली.

मशीन थांबलं होतं.

"आत्ताच तं निघालं होतं," वहिनी म्हणाली.

"परत ठेवलं ना आपण."

"हो," ती म्हणाली. "ठेवलं."

तिनं उठून बटणं शोधून आणली, फुंकर मारली आणि पिशव्यांत टाकली. "थांबू नको. लिहीत जा." मी वहीत रेघा मारत गेले. चाळीस वेळा काढून झालं तेव्हा पांढरं-पांढरं अकरा, मिश्र अठरा आणि लाल-लाल अकरा. यशूला खेळ आवडला होता. ती आजीला हाका मारत सुटली, "आजी, आपल्याले चाळीस बाळं झाले!"

आई तुरीच्या शेंगा सोलत होती. सूप तसंच ठेवून ती आली. तिच्यामागून दादा, गळ्यात टेप.

"हे काय लावलं?" त्यानं विचारलं.

"मित्रा, सांग त्याइले," वहिनी म्हणाली.

मी सांगितलं. नाणी दाखवली, पिशव्या दाखवल्या, वहीतल्या रेघा दाखवल्या. आई मध्येच म्हणाली, "लेकराच्या खेळावरून काय ठरते?" तेवढ्यात दादानं दोन्ही पिशव्या उचलल्या. त्यानं एकीत हात घातला, मग दुसरीत. दोन्ही मुठी बाहेर काढल्या आणि उघडल्या नाहीत. मुठी तशाच पिशव्यांत नेऊन सोडल्या.

"मंग तो कागद कायले लावला भिंतीवर?" तो म्हणाला. "चार लेकरं काढले ओळीनं. माणूस काय समजन?"

तो आत गेला आणि कॅलेंडर खिळ्यावरून काढून, गुंडाळी करून त्यानं कपाटाच्या मागे टाकलं. खिळ्याला तिघांचे कागद तेवढे राहिले.

मला वाटलं होतं की आई वाद घालेल. नाही घातला. ती शेंगा सोलायला बसली आणि हातात एक शेंग धरून तशीच राहिली. दुपारी जेवताना तिनं विचारलं, "ते नागपूरचं सुईचं... ते दुखते का वं?"

"थोडं," मी म्हणाले.

"मंग करून टाकाव. नाई का रे अरविंद?"

दादानं जेवण अर्ध्यात सोडून कुंदाताईंना फोन लावला. मंगळवारची तारीख मिळाली. ती टळली तर पुढची तारीख मिळेस्तोवर मुदत निघून जाणार होती, हे कुंदाताईंनी फोनवर दोनदा सांगितलं. त्या घरात जे महिन्याभरात हललं नव्हतं ते एका जेवणात हललं. आई तर त्या दिवसापासून वहिनीला जड उचलू देईना आणि तारखेची आठवण इतक्या वेळा करून द्यायला लागली की वहिनी एकदा म्हणाली, "आई, मंगळवार मंगळवारीच येते."

वहिनीनं अभ्यास थांबवला नव्हता. फासे झाले, पत्ते झाले. 'बावन्न पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला', हे वाचून ती म्हणाली, "हा पिशवीवालाच असंल. आता पत्ते खेळून रायला." पण लिहून झालं की पेन खाली ठेवायची आणि पोटावर हात ठेवून बसायची.

सोमवारी आम्ही दोघी हापशीवर पाणी भरत होतो. ती हापसत नव्हती, मी हापसत होते.

"लाल-लाल आलं तं?" तिनं विचारलं.

"मग डॉक्टर विचारतील."

"काय इचारतील?"

मला ते वाक्य सरळ म्हणता येईना. "ठेवायचं की नाही, ते."

"अन् पुस्तकात?"

"पुस्तकात उत्तर येतं एक छेद चार. पुढं काही विचारत नाहीत."

"बरं आहे पुस्तकाचं," ती म्हणाली. घागरीएवढा गुंड भरला होता. मी हापसायची थांबले तरी हापशीच्या तोंडातून थोडा वेळ पाणी येत राहिलं.

मंगळवारी सकाळी दाट धुकं होतं. नागपूरची बस आमच्या दारावरून जायची, चौकात थांबायची. आईनं भाकरी बांधून दिल्या होत्या. दादा नवा शर्ट घालून तयार होता आणि मी सोबत जाणार होते. वहिनी अंगणात पाटावर बसून यशूची वेणी घालत होती, कारण ती गेल्यावर यशूला आजीचा हात केसांत चालत नसे.

"आई कुठं चालली?" यशूनं विचारलं.

"बाळ पायाले," आजी म्हणाली. "डॉक्टर पोटातलं बाळ पाहून सांगते, चांगलं आहे का म्हणून."

"कसं पायते? पिशवीत हात घालून?"

"तसंच काईतरी."

"अन् लाल-लाल असलं तं?"

आजीनं भाकरीच्या फडक्याची गाठ सोडली आणि परत मारली. दादा चौकाकडे बघत होता.

"परत ठेवाचं?" यशूनं विचारलं. मग तिनं स्वतःच मान हलवली. खेळाचा नियम तिला पाठ होता. वहिनीचा हात वेणीत थांबला होता. यशूनं मान मागे करून आईकडे पाहिलं. यशूच्या तोंडावर राग नव्हता, रडणं नव्हतं, नुसता प्रश्न होता.

"मंग मले काहून नाई ठेवलं परत?"

वहिनीनं वेणीचे तीन पेड पुन्हा हातात घेतले. शेवटपर्यंत विणले. रिबिनीची गाठ मारली, फूल केलं. मग ती म्हणाली, "मी नाई येत नागपूरले."

"प्रतिमा," दादा म्हणाला, "लेकरू आहे ते. त्याले काय समजते?"

"समजते मले," यशू म्हणाली.

"मित्रा, तिले आत ने."

मी यशूला आत नेलं. दार लावलं, पण ते दार कधीच नीट लागत नव्हतं.

"तूच सांगतलं ना!" हा आईचा आवाज. "तूच बटणं काढले, तूच पिशव्या शिवल्या. आम्ही आपले बसलो होतो ना गप."

"मीच सांगतलं. खरंच आहे ते. चारात एक."

"मंग?"

"मंग काई नाई. डॉक्टर मले इचारन, यशूसारखं आहे, ठेवता का? अन् मी काय म्हणू? यशूसारखं आहे म्हणून नको? हे म्हणून मी घरी येऊ अन् तिची वेणी घालू?"

"तिले कोण सांगते?"

"सांगाले कायले पायजे?"

मग दादा बोलला. तो कधी मोठ्यानं बोलत नसे आणि तेव्हाही बोलला नाही.

"तिले कळ आली का मी पाय धरून बसतो तिचे. सकाळपर्यंत बसतो. दोघाइले आली तं कोणाचे धरू? दोन हात आहेत मले."

"मले बी दोन आहेत," वहिनी म्हणाली.

बस आली. आधी हॉर्न ऐकू आला, मग धुक्यातून दिवे. चौकात ती थांबली ते इंजिनाच्या आवाजावरून कळलं. दादा पायरीवर उभा होता. आईनं भाकरीचं गाठोडं त्याच्यापुढं धरलं होतं, जणू तो एकटाच जाणार होता. वहिनी पाटावरून उठली नाही. आतल्या खोलीत यशू कपाटाच्या मागून कॅलेंडरची गुंडाळी ओढून काढत होती. "आत्या," ती म्हणाली, "यातली मी कोणती?" मी तिला सांगितलं. तिनं त्या लेकराच्या डोक्यावर पेनानं दोन वेण्या काढल्या.

बस गेली.

आई वहिनीशी त्यानंतर बरेच दिवस कामापुरतं बोलली. गणवेशाला लाल बटणं लावायची असली की दादा ती वहिनीकडे देत नसे, स्वतः लावायचा.

मार्चमध्ये वहिनीनं पेपर दिला. सहावा महिना होता आणि बाकावर पोट मावेना, म्हणून ती तिरपी बसून लिहीत होती, असं तिनं सांगितलं. संभाव्यतेचं उदाहरण आलं होतं. पिशवी, त्यात लाल आणि पांढरे चेंडू. "तो आला होता," ती म्हणाली. "चेंडू घेऊन." जूनमध्ये मुलगा झाला. त्याच आठवड्यात निकाल लागला. गणितात तिला शंभरपैकी बासष्ट होते.

मुलाचं नाव अनुज ठेवलं. तो गोरा, गुटगुटीत होता आणि पहिले काही महिने कधी आजारी पडला नाही. आईनं त्याला मांडीवर घेतलं आणि तिथून तिचं आणि वहिनीचं पुन्हा जमलं. एकदा मी घरी गेले असताना ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पांढरं आहे वं ते. पाय ना कसं आहे." यशू त्याला 'माहा बाळ' म्हणायची. ती शाळेत जायला लागली होती. त्या पावसाळ्यात दोनदा दवाखान्यात राहून आली.

मला तोवर नागपूरला प्रवेश मिळाला होता. अनुज सात महिन्यांचा झाल्यावर दादा-वहिनी त्याला घेऊन आले आणि रक्त देऊन गेले. कागद मी घ्यायचा, असं ठरलं. ज्या दिवशी तो मिळणार होता त्या दिवशी मी दवाखान्यातल्या खिडकीसमोरच्या रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला, कागद मिळाला. मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले आणि दादाच्या मोबाइलवर फोन लावला. वहिनीनंच उचलला. मागे मशीन चालू होतं आणि त्याच्यावरून यशूचा आवाज येत होता. ती अनुजला काहीतरी मोजून दाखवत होती.

"भेटला का कागद?"

"भेटला."

मशीन थांबलं.

"सगळं नको वाचू," वहिनी म्हणाली. "ए किती ते सांग."

मी कागद उन्हात नीट धरला.

"शून्य पूर्णांक शून्य," मी वाचलं.